इंद्रसिंग नाईकांच्या मोटारीचं तेल

नऊ मार्च १९३७, मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी आमच्या अंगणात मोटारीचं इंजिन बंद केलं, किल्ली काढून हातात घेतली आणि खाली उतरलो. इंजिन चालूच होतं. घड्याळ काढून मोजलं: एक्केचाळीस सेकंद. मग ते थांबलं. थांबताना त्यानं हुंदका दिला असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं आहे. माझ्या वहीत ‘खड् असा आवाज’ एवढंच लिहिलं आहे.

मी नंदुरबारच्या कोर्टात वकिली करतो. पुराव्याशिवाय काही मानायचं नाही ही माझी सवय आहे आणि ती सवय गावात माझ्याविरुद्ध बोलली जाते. म्हणून आधी मोटारीची हकिगत सांगतो.

मोटार इंद्रसिंग नाईकांची. नाईक म्हणजे मोलगीच्या वाटेवर, डोंगरातल्या एका लहानशा भिल्ल जहागिरीचे मालक. त्यांनी मुंबईहून ही दोन माणसांची, हिरवी, लांब नाकाची शर्यतीची मोटार आणली आणि जिथे गाडीवान खाली उतरून बैलांची समजूत घालतात अशा घाटात ती पळवली. मागच्या साली घाटाच्या शेवटच्या वळणावर, हात स्टिअरिंगवर तसेच असताना, ते बसल्या जागी गेले. मोटारीला ओरखडा नव्हता. माणसं धावत पोहोचली तेव्हा इंजिन चालू होतं.

त्यांच्या आई फुलीबाई. जमिनीच्या दाव्यात मी त्यांचा वकील होतो. दावा संपल्यावर म्हातारीनं मोटार माझ्या ताब्यात दिली आणि एक अट घातली. त्यांच्यात वारलेल्या कर्त्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. दगड घडवून तयार होता, पण आडवा पडून होता. फुलीबाईंना डोळ्यांनी दिसत नाही. त्या म्हणाल्या, “दगडाच्या दिवशी तू गाडी घाटातून वर आण. सूर्य डोक्यावर यायच्या आत मला तिचा आवाज ऐकू आला, तर माझा मुलगा आला. मग दगड उभा राहील. मला कोणी सांगायचं नाही. मीच ऐकीन. नाही ऐकू आला तर तो आला नाही.” मुलगा गेल्यापासून त्यांनी मीठ सोडलं होतं. दगड उभा राहील त्या दिवशी मीठ, तोवर नाही. ऐंशीच्या घरातली बाई अकरा महिने अळणी भाकर खात होती, आणि तिचं मनगट माझ्या दौतीच्या टाकाएवढं उरलं होतं. मी हो म्हणालो. दिवस ठरला एकतीस मार्च.

मोटारीबरोबर सुकराम आला. तो नाईकांचा पन्नाशीचा सोबती. मोटार चालवायला त्यानंच मला शिकवलं, पण तो स्वतः उजव्या बाजूला कधी बसला नाही. कारण विचारलं तर म्हणे, “ती जागा रिकामी नाही.” मी ते त्याच्या अडाणीपणाच्या खात्यावर टाकलं.

मोटार आली तेव्हा तिचा आवाज काही वेगळाच होता. खोल, खरखरीत, मध्येच घसा साफ केल्यासारखा. ऐकूनच मी ठरवलं की इंजिन आजारी आहे आणि आजार घर्षणाचा आहे. सुशिक्षित माणसाला आवाज म्हटला की आजारच वाटतो. एवढा घाट चढायचा तर तेल चांगलं हवं, असं मी चारचौघांत बोलून गेलो. तिथून सल्ले सुरू झाले.

जिनिंग फॅक्टरीतला फिटर दोधू म्हणाला, “वकीलसाहेब, हाई इंजिन गरम डोकानं शे. येले जाडं तेल टाका, गुळना पाकनागत. पातळ टाकशात ते पिस्टन फसी जाई.” शेजारचे पेन्शनर हेडमास्तर पातळ तेलाच्या बाजूचे होते. त्यांच्या घरच्या शिवणयंत्राला दहा वर्षं खोबरेल चालत आलं होतं आणि यंत्रानं कधी तक्रार केली नव्हती. मी मुंबईहून मध्यम जाडीचं तेल मागवलं. त्यातला एक डबा पोस्टात गळला. पोस्टमास्तरांनी मला कचेरीत बोलावून नऊ पारदर्शक झालेली पाकिटं दाखवली. त्यातली पत्रं न उघडता वाचता येत होती आणि त्यांनी ती वाचली होती, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

शिवाय तेलात घालायचं औषध हवं होतं. इंजिनातलं घर्षण कमी करणाऱ्या बाटल्या तेव्हा नव्या निघाल्या होत्या. उमेदमल शेठनी दोन जातींच्या आणवल्या. शेठ मूळ मारवाडचे, जैन, दुकान बाजारपेठेत. पहिल्या बाटलीचं पत्रक त्यांनी मला वाचायला दिलं. मी वाचता वाचता म्हणालो, “यात देवमाशाचं तेल आहे.”

शेठनी हात मागे घेतला. “मासा?”

“फार मोठा असतो.”

“म्हणजे पाप पण मोठं! वकीलसाब, जीव मारून चाक फिरवायचं? चाकाला फिरायचं तर फिरेल, नाही तर राहील बसून.” त्यांनी बाटली चिमट्यात धरून ओट्याबाहेर ठेवायला लावली आणि फळी दोनदा धुवून घेतली.

दुसऱ्या बाटलीत शिसपेन्सिलीतल्या शिशासारखी काळी, मऊ पूड तेलात कालवलेली होती. पत्रकात लिहिलं होतं की ही पूड धातूच्या रंध्रांत जाऊन बसते आणि भाग एकमेकांना स्पर्शच करीत नाहीत. यात जीव नाही याची खात्री झाल्यावर शेठनी तीन बाटल्या दिल्या. देताना म्हणाले, “गाडी मेलेल्या माणसाची आहे ना? तिला इतकी घसरडी कशाला करता? घसरडी वस्तू कोणाच्या पण हातात जाते.”

मी हसलो. वहीत नोंद आहे: ‘उ. शेठ, अंधश्रद्धा.’

एकोणीस फेब्रुवारीला जुनं तेल काढलं, मुंबईचं भरलं, वर बाटलीभर औषध ओतलं. तीन मैलांच्या फेरीनंतर आवाज निम्मा झाला. आठवड्यानं तो गेला. कमी झाला असं नव्हे, गेला. मोटार अंगणात उभी असताना इंजिन चालू आहे की बंद, हे पंख्याकडे पाहून ठरवावं लागे. मी बॉनेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला. पाण्यावर तरंग उठला नाही. चालू इंजिनावर एक चिमणी येऊन बसली आणि पंख साफ करू लागली.

मला अभिमान वाटला, पण गावाला वाटला नाही. मी रस्त्यानं गेलो की लोकांना मी गेल्यावर कळे. हेडमास्तर एकदा रस्त्यात उभे होते. मी त्यांच्या अगदी अंगावरून गेलो. मागे वळून पाहिलं तर ते पुढच्या रिकाम्या रस्त्याला विचारत होते, “कोण?” घरी सौभाग्यवती स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी “आलात का?” म्हणायच्या. मी समोर उभा असतानाही दोनदा म्हणाल्या.

सुकराम मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेला. एके दिवशी म्हणाला, “वकीलदादा, गाडी बोलत नाही. याहा कशी ऐकणार?” याहा म्हणजे आई. तो फुलीबाईंना याहाच म्हणे.

मी त्याला घर्षण समजावून सांगितलं. दोन्ही हात एकमेकांवर चोळून दाखवले. त्यानंही चोळले, कानाशी नेऊन ऐकले.

“आवाज येतो तो हाच ना?”

“हाच.”

“म्हणजे तू गाडीचे हात सोडवलेस.”

“अरे, घाटात भोंगा वाजवू की!”

“भोंगा टपालाची गाडी पण वाजवते,” तो म्हणाला आणि उठून गेला.

यानंतर नवव्या दिवशी, म्हणजे नऊ मार्चला, किल्ली माझ्या हातात असताना इंजिन एक्केचाळीस सेकंद चाललं. दहाला पंचावन्न. तेराला एक मिनिट वीस. आणि आवाज परत येऊ लागला. आधी फक्त बंद केल्यावर यायचा, तोही फार लांबून आल्यासारखा; आमच्या अंगणातली मोटार जणू घाटात कुठेतरी चालू असावी. मग तो रोज थोडा जवळ आला.

दोधूला बोलावलं. त्यानं किल्ली माझ्याकडून मागून घेतली, स्वतःच्या खिशात घातली, खिसा वरून दाबून धरला आणि इंजिनाकडे बघत राहिला. मग किल्ली मला परत दिली.

“किल्ली तुमना हातमा शे, मंग हाई कोन चालाडी ऱ्हायनं?”

“तेलाचा काही दोष असेल.”

“तेल चांगलं शे. गाडीमा कोनीतरी बठेल शे.” एवढं बोलून तो गेला. आपली हत्यारं न्यायला त्यानं दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच माणसाला पाठवलं.

रोज सव्वाअकराला आमच्या कुंपणाबाहेर गर्दी जमू लागली. कोर्टाच्या मधल्या सुटीत जमावी तशीच, फक्त इथे कोणी बोलत नसे. बायका बॉनेटला हळदकुंकू लावून जात. माझ्याकडे दोन पक्षकार आले. एक मोटार पाहून परत गेला, दुसरा मोटारीला नमस्कार करून मग माझ्याशी बोलला. पापडांचे दिवस होते. सौभाग्यवतींनी अंगणात वाळवण घालायला साफ नकार दिला.

“का पण?”

“ती पापडांकडे बघते.”

“ते दिवे आहेत.”

“दिवे काल फाटकाकडे होते.”

दिवे मोटारीला पक्के बसवलेले असतात, हे मी त्यांना समजावलं. मग बाहेर जाऊन पाहिलं. मोटार काल जिथे उभी केली होती तिथून दीड वीत वळलेली होती. अंगणाला उतार आहे, हे वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूच्या गादीवर हात ठेवला. ती दबलेली होती आणि हळूहळू वर येत होती, माणूस उठून गेल्यावर येते तशी. जुन्या स्प्रिंगा सुस्त होतात. तेही लिहिलं.

तेल बनवणाऱ्या मुंबईच्या पेढीला मी सविस्तर पत्र लिहिलं. आठव्या दिवशी टंकलिखित उत्तर आलं: ‘आमचे तेल चालू इंजिनांकरिता आहे. बंद केलेल्या इंजिनाच्या वर्तनाबद्दल आम्ही सल्ला देत नाही. वाहन आपल्याशिवाय अन्य कोणी वापरते काय, ते कळवावे.’ त्या पत्राला मी अद्याप उत्तर दिलेलं नाही.

एकतीस मार्चला सकाळी सहाला निघालो. मी उजवीकडे, सुकराम डावीकडे, मागे तेलाचा एक शिल्लक डबा आणि औषधाची शेवटची बाटली. मोटार आता पूर्वीसारखीच घसा साफ करीत चालली होती आणि सुकराम खुशीत होता. तापीच्या पात्रात दोन बैलजोड्यांनी ओढून पलीकडे काढलं. अक्कलकुव्याला नऊ वाजून दहा मिनिटं. घाटाच्या पायथ्याशी जंगल खात्याचा नाका आहे, तिथे नऊ चाळीस.

नाक्यावर नवलसिंग नावाचे गार्ड होते. त्यांनी आडवा बांबू वर केला नाही. मोटारीच्या मागे जाऊन, गुडघ्यावर बसून, त्यांनी धूर हुंगला.

“साहेब, हा मोहाच्या बियांच्या तेलाचा वास आहे. जंगलाचा माल आहे. पास दाखवा.”

“पास जंगलातला माल बाहेर न्यायला लागतो. मी तर आत चाललोय.”

“आत न्यायला छापील अर्जच नाही. म्हणजे आत नेताच येत नाही.”

“माझ्या इंजिनात मुंबईचं तेल आहे!”

“मंग धूर मोहाचा कसा?” कायद्याची भाषा सोडून ते म्हणाले आणि सुकरामकडे बघायला लागले. मीही बघितलं.

सुकरामनं लपवलं नाही. त्याच्या परीनं त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. मार्च लागल्यापासून रोज पहाटे तो माझ्या तेलातलं पळीभर काढायचा आणि तेवढंच मोहाच्या बियांचं तेल घालायचा. “नाईक हेच घालत होते. घरच्या घाण्याचं. मुंबईच्या तेलाला डोंगरातलं बोलता येत नाही, म्हणायचे.”

मला राग यायला हवा होता. पण त्या क्षणी मी नाक्यावर उभ्याउभ्या हसत सुटलो. बावीस दिवसांत मला पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. बियांचं तेल जळतं, त्याची काजळी पिस्टनवर साचते, काजळी निखाऱ्यासारखी लाल राहते, आणि किल्ली काढली तरी पेट्रोल तिच्यावर पेटत राहतं. भूत नाही, काजळी! मी हे नवलसिंगांना इतक्या उत्साहानं सांगितलं की त्यांनी ते कबुलीजबाब म्हणून पंचनाम्यात जसंच्या तसं उतरवून घेतलं.

मग त्यांनी माल जप्त केला. माल इंजिनात होता. तळाचा नळ सोडून सगळं तेल एका मडक्यात काढलं, मडक्याला फडकं बांधलं, फडक्यावर लाख ओतून शिक्का मारला. सरपणाच्या मोळ्या घेऊन चाललेली दोन माणसं थांबवून पंच म्हणून त्यांचे अंगठे घेतले. “एक थेंब नको राहायला,” असं म्हणून नवलसिंगांनी माझ्याकडून नवं तेल ओतवून आतून धुवून घेतलं आणि ते धुवणही जप्त केलं. मग डब्यातलं उरलेलं मुंबईचं तेल आणि शेवटची बाटली इंजिनात गेली.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी इंजिन सुरू केलं. सुरू झाल्याचं कळायला बॉनेटवर हात ठेवावा लागला.

सुकराम तोंड दुसरीकडे करून बसला. मलाही तेव्हा कळलं की आपण काय केलं आहे. पण सूर्य कोणासाठी थांबणार नव्हता, आणि दुसरं तेल मडक्यात शिक्क्याखाली होतं.

त्या घाटाविषयी मला थोडक्यात लिहायचं आहे. शर्यतीची मोटार पूर्ण ताकदीनं चढत होती आणि आम्हाला आमचे श्वास ऐकू येत होते. खालच्या दरीत कोणीतरी लाकूड तोडत होतं, तो घाव ऐकू येत होता. वाटेवर कोंबड्या होत्या, त्या हलल्या नाहीत. मला चाक वळवून घ्यावं लागलं. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायकांच्या रांगेला आम्ही मागे टाकलं. त्या दचकल्या, आमच्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्या जणी वळून आमच्या मागचा रिकामा रस्ता पाहू लागल्या. भोंगा माझ्या हाताशी होता. मी तो का वाजवला नाही, हे मला सांगता येत नाही. शेवटच्या वळणावर सुकरामनं डोळे मिटले.

वर पोहोचलो तेव्हा अकरा अठ्ठेचाळीस. एका मोठ्या मोहाखाली साठेक माणसं बसली होती. मोहाची फुलं गळत होती, एकेक, टप्, टप्. मध्ये दगड आडवा, त्याच्यापाशी खड्डा खणलेला. फुलीबाई खड्ड्याच्या कडेला घाटाकडे तोंड करून बसल्या होत्या, हात कानामागे. मी त्यांच्यापासून दहा हातांवर मोटार आणून उभी केली. त्या तशाच बसून राहिल्या. माझ्या आरपार, मागच्या रस्त्याला त्या ऐकत होत्या.

सगळ्यांनी मोटार पाहिली. कोणी एक शब्द बोललं नाही. सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि ते लोक ठरलेलं पाळतात. सुकराम उतरून झाडाला टेकला. फुलीबाईंनी काहीतरी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. “आला का” असंच असावं. त्याला भाषा समजावी लागत नाही.

मी पेट्रोलच्या पॅडलवर पाय दाबला. इंजिन जीव तोडून फिरलं असणार, कारण मागचा पाचोळा उडाला. आवाज आला तो पाचोळ्याचाच. सावल्या पायांशी गोळा झाल्या होत्या. दगडाशी बसलेल्या चार माणसांनी हातातल्या पहारी खाली ठेवल्या. अकरा चोपन्न. मी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढली. वकिलानं हरलेल्या दाव्याचे कागद बांधावेत, तसं ते होतं.

इंजिन थांबलं. पंखा थांबलेला मी डोळ्यांनी पाहिला. मोहाची फुलं ऐकू येत होती. मी मोजत होतो, ती माझी सवय आहे. बारापर्यंत मोजलं.

मग ते सुरू झालं.

आधी लांबून, घाटाच्या खालून आल्यासारखं. मग एक वळण वर. मग जवळ, खोल, खरखरीत, मध्येच घसा साफ करीत, पहिल्या दिवशी माझ्या अंगणात आलं होतं तसं. मोटार जागेवर उभी होती आणि तिचा आवाज घाट चढून वर येत होता. काजळीचं स्पष्टीकरण मी आजही देतो. इंजिन धुतलेलं असलं तरी पिस्टनवर थोडी काजळी राहिलीच असेल. अडचण एवढीच आहे, की काजळी चालू इंजिनाला चालू ठेवते. थांबलेलं सुरू करीत नाही.

फुलीबाईंनी हात कानामागून काढला आणि मांडीवर ठेवला.

“आला,” त्या म्हणाल्या.

पहारी उचलल्या गेल्या. दगड अकरा सत्तावन्नला उभा राहिला. ढोल वाजले, त्याखाली इंजिन चालूच होतं. मी किल्ली मुठीत घेऊन बसलो होतो. उतरायला हवं हे कळत होतं, पण पाय माझे वाटत नव्हते.

सुकरामच्या खांद्यावर हात ठेवून फुलीबाई मोटारीपाशी आल्या. दुसऱ्या हातात भाकर होती, तिच्यावर मिठाचे खडे. त्यांनी मडगार्ड चाचपलं, दार चाचपलं, मग हात आत घालून माझा खांदा, गळा, हनुवटी. बोटं वर सरकत चष्म्यापाशी आली आणि थांबली. त्यांनी हात मागे घेतला नाही. किंचित हसल्या आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणतात?” मी विचारलं. आवाज माझाच होता, पण फार लहान.

सुकराम माझ्याकडे न पाहता म्हणाला, “याहा म्हणते, वकील, तू जरा सरक. त्याला बसू दे.”

मोटार कायदेशीररीत्या माझ्या ताब्यात आहे. त्या जागेवर माझ्याशिवाय कोणी नव्हतं. साठ माणसांसमोर, भर दुपारी, सनदी वकिलाला असं सांगणं योग्य नव्हे, हे सगळं माझ्या मनात क्रमानं आलं.

मी सरकलो. जरासा नाही, पार डावीकडच्या दारापर्यंत सरकलो.